भालजींची कॉमेंट्री आणि माझे 10,438 रुपये

आकडा वर लिहिलाच आहे, त्यामुळं हसायचं ते एकदाच हसून घ्या. एका जुन्या सिनेमाच्या डीव्हीडीसाठी गेले.

हो, डीव्हीडीच. माझ्याकडं प्लेअर आहे आणि तो चालतो. मला नुसता सिनेमा नको असतो. त्याच्यासोबतचं सगळं हवं असतं: कापलेले प्रसंग, कॅमेरामनच्या आठवणी, सेटवरचे फोटो, मागं संगीत वाजवत हलणारा मेनू. मराठी सिनेमाच्या डिस्कवर मला तरी हे क्वचितच मिळालं. बहुतेक वेळा एक स्थिर चित्र, त्यावर 'प्ले' आणि 'सीन्स', संपला विषय. त्यामुळं व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली तेव्हा जीभ बाहेर आली. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा साठच्या दशकातला सिनेमा, मूळ प्रिंटवरून, दोन डिस्कची संग्राहक आवृत्ती, फक्त 500 नग, प्रत्येकावर क्रमांक. गांधीहत्येनंतरच्या 1948 च्या जाळपोळीत भालजींचा कोल्हापुरातला जयप्रभा स्टुडिओ जळाला तेव्हापासून 'जुनं काहीतरी सापडलंय' म्हटलं की कोल्हापूरचा माणूस हळवा होतो. त्या भामट्याला हे बरोबर माहीत होतं.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: 'साहेब, थोडेच नग राहिले', क्यूआर कोड, कुणा तिसऱ्याच्याच नावाचं खातं. ते सांगत बसत नाही.

सांगायचं आहे ते मेनूच्या व्हिडिओचं. त्यानं पाठवलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ मी निदान दहा वेळा पाहिला. रंकाळा तलावाचा जुना फोटो, त्यावरून हळूच सरकणारा कॅमेरा, खाली चार पर्याय. चित्रपट. प्रसंग. बोनस. आणि चौथा, 'दिग्दर्शकांची कॉमेंट्री', म्हणजे सिनेमा चालू असताना दिग्दर्शक त्यावर बोलतो तो आवाज.

दिग्दर्शकांची! भालजी गेले नोव्हेंबर 1994 मध्ये. हे मला कुणी सांगायला नको, त्या रात्री आमचे वडील जेवले नव्हते. डीव्हीडी जगात पहिल्यांदा विकायला आली ती जपानात, नोव्हेंबर 1996 मध्ये. मग ही कॉमेंट्री कुणी केली आणि कुठं बसून? पाचवीतल्या पोराला जमेल असा हिशेब. पण मी त्या चोराचं वकीलपत्र स्वतःच घेतलं. म्हटलं, जुन्या मुलाखतीचा आवाज सिनेमावर बसवला असेल, परदेशात करतात तसं. त्याला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर त्यानं हेच उत्तर दिलं असतं, आणि ते उत्तर मीच तयार करून ठेवलं होतं.

त्याच व्हिडिओत मेनूवर माऊसचा बाण फिरत होता. टीव्हीला जोडलेल्या प्लेअरवर बाण नसतो, रिमोटनं वर-खाली गेलं की पर्यायाचा रंग तेवढा बदलतो. म्हणजे तो टीव्हीवर चाललेल्या डिस्कचा व्हिडिओ नव्हताच, कॉम्प्युटरवरचं चित्र होतं. बाण मला दिसला होता. दिसला होता म्हणूनच जास्त चिडचिड होते. तुम्ही कधी घेणार असाल तर रिमोट हातात धरून टीव्हीवर काढलेला व्हिडिओ मागा. आणि डिस्कच्या पाठीचा फोटो मागा. कारखान्यात छापलेल्या डिस्कची पाठ चंदेरी किंवा सोनेरीसर असते, घरी कॉम्प्युटरवर कॉपी केलेलीची बहुतेक वेळा जांभळट.

एक सेट 2,499. दोन घेतले, एक इचलकरंजीच्या दाजींना. 4,998. कुरिअरचे 340. इथंच थांबलो असतो तर हे लिहिलंही नसतं. पण बोलता बोलता मी सांगून बसलो की आमचे वडील जयप्रभा स्टुडिओत सेटचं सुतारकाम करायचे. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप: दुसऱ्या डिस्कवर 'पडद्यामागचे हात' असा विभाग आहे, वडिलांचं नाव आणि फोटो टाकू, मेनूत त्यांचं वेगळं पान करू. खर्च 5,100. माझ्याकडं त्यांचे तीनच फोटो आहेत. एकात ते शिडीवर उभे राहून वाड्याच्या खोट्या दरवाज्याला खिळे मारताहेत, तोंडात दोन खिळे. तिन्ही पाठवले. तुम्ही पाठवले नसते?

पार्सल तेविसाव्या दिवशी आलं. दोन्ही सेटवर एकच क्रमांक, 017. पाठ जांभळी. मेनू उघडला तर रंकाळा हलेना. 'बोनस' दाबलं की परत तोच मेनू. 'कॉमेंट्री' दाबली की सिनेमाच सुरू. रिमोटवरचं ऑडिओचं बटण दाबलं, 1/1. कॉमेंट्री म्हणजे दुसरा ऑडिओ ट्रॅकच असतो, तो असेल तर तिथं 1/2 दिसायला हवं. सिनेमाच्या कोपऱ्यात कुठल्यातरी चॅनलचा लोगो पुसल्याचा डाग. आणि दुसरी डिस्क, ज्यावर वडिलांचं पान असणार होतं, ती कोरी. दोन्ही सेटमध्ये कोरी.

बायको म्हणाली, "मी तवाच सांगत होतो तुमाला." सांगितलं होतं खरं.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, "माल मिळालाय न्हवं? मग फसवणूक कशी?" मेनू डिझाइनचे पैसे घेतले म्हटल्यावर त्यांनी अर्जात काय लिहावं? 'हॉटेलचे मेनूकार्ड छापून देण्याच्या बहाण्याने.' मी दुरुस्ती सांगितली, तर "त्येच की" म्हणाले. वर फुकटचा सल्ला, "यूट्यूबवर हाय की सगळं, कशाला पैसं घालवता?" तिथून दुसऱ्या कचेरीत, तिथून पुन्हा पहिल्या ठाण्यात. बँकेतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं की पैसे तुम्हीच पाठवलेत, पिन तुम्हीच टाकलात. अहो, म्हणून तर आलोय ना! ग्राहक आयोगाचं एका वकील मित्राला विचारलं. तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंत फीही लागत नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. पार्सलवर पत्ता होता, 'मेन रोड'. कुठल्या गावचा, ते नाही. चार खेपा, दोन झेरॉक्सचे गठ्ठे, आणि एकाही माणसानं ती डिस्क लावून बघितली नाही. मी पिशवीत प्लेअर घेऊन गेलो होतो, शप्पथ.

सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइन नंबरला फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो. मी पार्सलची वाट बघत तेवीस दिवस घालवले. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता.

दाजींचा सेट कपाटात आहे. त्यांना सांगितलंय, अजून आला नाही. परवा त्यांनीच एक जाहिरात पुढं पाठवली. दोन डिस्कची आवृत्ती, फक्त 500 नग, किंमत आता 2,999. वर 'दुर्मिळ छायाचित्रांसह' म्हणून एक फोटो: शिडीवरचा माणूस, तोंडात दोन खिळे. खाली दाजींनी लिहिलंय, "हे आपलं मामा न्हवं? नवीन निघालंय वाटतं, घेऊया काय?"