जामोवी: प्रश्नावलीच्या प्रबंधाला पुरेसं, फक्त डीफॉल्टवर विसंबू नका

एम.ए., एम.एड. किंवा एमबीएचा प्रबंध, हातात दोनतीनशे प्रश्नावल्या आणि एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरचा परवाना परवडत नाही, अशी अवस्था असेल तर जामोवी बिनदिक्कत उतरवून घ्या. क्रॅक केलेलं एसपीएसएस पेनड्राइव्हवरून फिरवायचं आता काही कारण उरलेलं नाही. २०१७ पासून मिळणारं हे मुक्तस्रोत संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं आणि आतून आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा वापरतं. डाउनलोडच्या पानावर 'सॉलिड' आणि 'करंट' असे दोन पर्याय दिसतात. प्रबंधाला सॉलिड, म्हणजे स्थिर आवृत्ती घ्या.

एक्सेल, सीएसव्ही, एसपीएसएसच्या फाइली थेट उघडतात. मराठी मजकुराची सीएसव्ही एक्सेलमधून काढताना मात्र 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आणखी एक नेहमीची अडचण: वयाच्या रकान्यात एकाने जरी '४५ वर्षे' लिहिलं असेल तर अख्खा रकाना टेक्स्ट ठरतो आणि टी-चाचणीची (दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना) चौकट तो घेतच नाही. एक्सेलमध्येच साफसफाई करा, उत्तर नसेल तिथे कोरी जागा सोडा आणि फाइल पुन्हा उघडा.

खरी गोम गुणांकनात आहे. 'फॅक्टर' मेनूतल्या विश्वसनीयता चाचणीत प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारे क्रॉनबाख अल्फा आणि मॅकडोनाल्ड ओमेगा दोन्ही मिळतात, आणि एखादा प्रश्न उलटा (बाकीच्यांच्या विरुद्ध अर्थाने विचारलेला) निघाला तर खाली तशी टीपही येते. तो प्रश्न उलट्या प्रश्नांच्या चौकटीत टाकला की अल्फा सुधारतो. पण हा बदल फक्त त्या तक्त्यापुरता असतो! मूळ रकाना तसाच राहतो आणि एकूण गुण चुकीचेच निघतात. पाच गुणांच्या मापनश्रेणीत '६ वजा तो प्रश्न' असा नवा कम्प्यूटेड (सूत्राने भरणारा) रकाना आधी करा, मगच बेरीज किंवा सरासरी काढा. सरासरीच्या फंक्शनमध्ये एका जरी प्रश्नाचं उत्तर नसेल तर निकाल कोरा येतो. उरलेल्या उत्तरांवर सरासरी हवी असेल तर 'इग्नोर मिसिंग' १ करावं लागतं, आणि तसं केल्याचं प्रबंधात लिहावं लागतं.

दुसरा घोळ मार्गदर्शकांपुढे होतो. वन-वे अनोव्हात (अनेक गटांच्या सरासऱ्यांची तुलना) गटांचं प्रसरण समान न मानणारी वेल्चची चाचणी आधीच टिक केलेली असते, त्यामुळे दुसरा डीएफ (स्वातंत्र्यमात्रा) दशांशात येतो आणि 'एसपीएसएसमध्ये असा येत नाही' हा प्रश्न ठरलेला. दोन्ही आकडे बरोबर आहेत. प्रसरण (गुणांचा विखुरलेपणा) समान मानायचं असेल तर फिशरची टिक लावा आणि पोस्ट-हॉकला, म्हणजे गटांच्या जोड्यांच्या तुलनेला, टुकी घ्या. वेल्च ठेवलात तर गेम्स-हॉवेल. टी-चाचणीत मात्र स्टुडंटची टिक आधीपासून असते आणि वेल्चची स्वतः लावावी लागते. एकाच सॉफ्टवेअरमध्ये असा उलटसुलट कारभार का, हे देव जाणे.

फिल्टर लावला की तो सगळ्याच विश्लेषणांना लागू होतो. फक्त मुलींचा तक्ता काढून झाला आणि फिल्टर बंद करायचा राहिला, तर पुढचे सगळे तक्ते अर्ध्या नमुन्यावर निघतात. प्रत्येक तक्त्यात एन, म्हणजे नमुन्याची संख्या, तपासा.

निकालावर राइट-क्लिक करून कॉपी केलं की वर्डमध्ये खरा तक्ता चिकटतो, चित्र नाही. डेटा, पर्याय आणि निकाल तिन्ही जामोवीच्या एकाच ओएमव्ही फाइलमध्ये राहतात, म्हणून मार्गदर्शकांना तीच पाठवली तर प्रत्येक टिक त्यांना दिसते. सेटिंग्जमधला 'सिंटॅक्स मोड' चालू केला की प्रत्येक विश्लेषणामागचा आर कोडही दिसतो; पुढे आर शिकायचं असेल तर ही शाळा फुकट आहे.

मध्यस्थ परिणामांसाठी 'मेडमॉड', मिश्र प्रारूपांसाठी 'गॅमएलजे' हे मोड्यूल आतूनच बसवता येतात. बायेशियन विश्लेषण मुख्य असेल तर जास्प हे दुसरं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बघा. कालश्रेणी किंवा लाखो ओळींचा डेटा असेल तर मात्र सरळ आरकडे वळा, जामोवी तिथे दमतं.