हुक प्लेट: बसवल्यापासून काढेपर्यंत

कॉलरबोन खांद्याकडच्या टोकाला मोडलं असेल, तर मध्यभागी मोडलेल्यांचे अनुभव फारसे कामाचे नाहीत. इथे सगळं ठरतं ते लिगामेंटवर. खालच्या कोराकॉइडशी (खांद्याच्या पात्याचा पुढे आलेला भाग) हाड बांधून ठेवणारे हे पट्टे माझ्या आतल्या लांब तुकड्यापासून सुटले होते, त्यामुळे तो वर उचलला गेला. कॉलरबोनच्या या टोकाच्या फ्रॅक्चरचे प्रकार पाडणाऱ्या नीअरच्या वर्गीकरणात हा दुसरा प्रकार. नुसत्या स्लिंगवर ठेवलं तर यातली बरीच हाडं जुळत नाहीत. वयस्कर माणसांना मात्र न जुळलेलं हाडही अनेकदा त्रास देत नाही, म्हणून सरसकट सगळ्यांचं ऑपरेशन करत नाहीत.

माझा टोकाचा तुकडा अगदी लहान होता. लॉकिंग प्लेटचे (जिच्यात स्क्रू प्लेटलाच घट्ट बसतात) बारीक स्क्रू त्यात धरले नसते, म्हणून हुक प्लेट. तिचा आकडा, म्हणजे हुक, अ‍ॅक्रोमियनखाली (खांद्याच्या माथ्यावरच्या हाडाखाली) जातो आणि प्लेट तरफेसारखी हाड खाली दाबून धरते. पकडीबद्दल तक्रार नाही, हाड नीट जुळलं.

तक्रार आहे ती आकड्याबद्दल. हात खांद्याच्या वर न्यायला सुरुवातीला मनाईच होती, पण नंतरही तिथे काहीतरी अडायचं, घासायचं. त्या कुशीवर झोपणं बंद. सॅकचा पट्टा नेमका प्लेटवर यायचा. फिजिओथेरपी मन लावून केली तरी हात एका उंचीला येऊन थांबायचा, आणि ते व्यायाम कमी पडल्यामुळे नव्हतं. वरच्या फळीवरचा डबा काढायला कुणाला तरी हाक मारावी लागायची, याची चिडचिड वेगळी.

ही प्लेट काढावीच लागते. हाड जुळल्यावर, साधारण तीन ते सहा महिन्यांत. जास्त राहिली तर आकडा अ‍ॅक्रोमियन झिजवत जातो. म्हणजे ऑपरेशन एक नाही, दोन. हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या. काढल्यानंतर काही आठवड्यांतच हात वर जाऊ लागला. व्रणाखालची कातडी अजून बधिर आहे.

दुसरा पर्याय बटण (धातूची छोटी चकती) आणि मजबूत दोऱ्याने हाड कोराकॉइडला बांधण्याचा. त्यात आकडा नाही, काढायची गरजही सहसा पडत नाही; पण कोराकॉइडला भोक पाडतात, ते हाड तडकण्याचा थोडा धोका असतो. तुकडा स्क्रू धरण्याइतका असेल तर लॉकिंग प्लेट, हवं तर दोऱ्याच्या जोडीने, मला सगळ्यात बरी वाटते. नुसत्या तारा मी नको म्हटलं असतं. त्या सरकतात, क्वचित थेट छातीत.

सध्या स्क्रूची भोकं भरेपर्यंत जड उचलायचं नाही.