डग्गा की शांतता: पहिला ओपन-बॅक हेडफोन घेताना

पहिला ओपन-बॅक, म्हणजे उघड्या पाठीचा हेडफोन घ्यायचा आहे, खिशात दहा-पंधरा हजार आहेत आणि गाडी अडली आहे ती डायनॅमिक की प्लेनर या फाट्यावर. आत आवाज काढणाऱ्या पडद्याच्या या दोन जाती: डायनॅमिकमध्ये तारेची गुंडाळी शंकूसारखा पडदा हलवते, प्लेनरचं पुढे येतंच. गेल्या वर्षभरात तिघांनी मला हेच विचारलं आणि तिघांचंही मी फोनवर अर्धा-अर्धा तास डोकं खाल्लं. चौथ्याला निदान वाचायला देता येईल, म्हणून लिहून काढतो. दोन्ही जाती माझ्या घरात नांदून गेल्यात, एक अजून नांदते आहे. कोणती ते कळेलच, मला फार वेळ लपवून ठेवता येत नाही.

बोलायला सोपं जावं म्हणून दोन नावं समोर ठेवू. डायनॅमिकच्या बाजूला सेनहायझरचा एचडी ५६०एस, २०२० सालचा. प्लेनरच्या बाजूला हायफायमॅनचा एचई४००एसई, त्याच्या पुढच्या वर्षीचा. पण तुलना या दोन खोक्यांची नाही, जातींची आहे. माझ्याकडे नेमके कोणते होते याला फारसं महत्त्व नाही. सांगणार आहे ते त्यांच्या भाऊबंदांनाही लागू पडतं.

आधी मी काय ऐकतो ते सांगायला हवं, नाहीतर मतांना बूड राहणार नाही. ख्याल, जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं, अधूनमधून नाट्यसंगीत. रात्री साडेअकरानंतर, गिरगावातल्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत. तुम्ही हिप-हॉप किंवा इलेक्ट्रॉनिक ऐकत असाल, तर पुढच्या मजकुरातला निम्मा भाग उलटा करून वाचलात तरी चालेल.

आता आवाज. प्लेनरची बाजू मी प्रामाणिकपणे मांडणार आहे, कारण डग्ग्याच्या बाबतीत त्याने मला जिंकलं होतं. तबलजी डग्ग्यावर मनगट सरकवून मींड काढतो ना, ती डायनॅमिकवर ऐकू येते. प्लेनरवर मनगट सरकलेलं दिसतं. खालचा स्वर सुरू कुठे झाला, कुठे वाकला, कुठे विरला, सगळं एका अखंड रेषेत. याचं कारणही साधं आहे. प्लेनरचा पडदा सबंध पसरट असतो, त्याच्यावरच वाहक पट्ट्या पसरलेल्या असतात, त्यामुळे सगळा पडदा एकदम हलतो आणि आवाज अगदी तळापर्यंत सपाट राहतो. उघड्या पाठीचे बहुतेक डायनॅमिक मात्र तळाशी पोचेपर्यंत दमतात. पहिल्या आठवड्यात मी ओळखीची सगळी ध्वनिमुद्रणं नुसत्या डग्ग्यासाठी पुन्हा ऐकली. गायक काय गात होते याकडे, खरं सांगायचं तर, लक्षच नव्हतं.

डायनॅमिकचं सुख वेगळं आहे आणि ते उशिरा कळतं. तानपुरा. जवारी (घोडीवरच्या दोऱ्याने तारेला येणारी झणकार) नीट लागलेली असली की खर्जाच्या तारेतून स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप ऐकू येणारा, गंधार सुटतो. माझ्या कानांना तो डायनॅमिकवर जास्त मोकळा, गायकाच्या मागे थोड्या अंतरावर तरंगल्यासारखा वाटतो. प्लेनरवर तोच गंधार असतो, पण जवळ, कपाळाला टेकलेला. हा माझ्या कानांचा खेळ असेल. दोघांचे आलेख शेजारी ठेवले तर कुणी तज्ज्ञ मला खोटंही पाडेल.

वजनाबद्दल एकच ओळ. वर नाव घेतलेला डायनॅमिक २४० ग्रॅमचा, प्लेनर ३९० ग्रॅमचा. विलंबित ख्याल एक तास चालतो, बाकी हिशेब तुमच्या मानेचा.

ओहमबद्दल, म्हणजे हेडफोनच्या विद्युत रोधाबद्दल, मात्र थोडं थांबतो, कारण लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदारापासून ऑफिसातल्या जाणकारापर्यंत सगळे इथेच घसरतात. त्या डायनॅमिकवर १२० ओहम वाचून लोक घाबरतात, ‘याला अँप, म्हणजे अँप्लिफायर, लागणार’ म्हणतात, आणि पंचवीस-तीस ओहमचा प्लेनर बघून ‘हा फोनवर चालेल’ म्हणतात. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटं होतं. बघायची ती संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर हेडफोन किती मोठ्याने वाजतो ते. त्या प्लेनरची ९१ डेसिबल आहे. दुसरा एखादा हेडफोन १०१ डेसिबलचा असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी प्लेनरला दहापट शक्ती लागते. दहा डेसिबल म्हणजे दहापट, हे कागदावर किरकोळ वाटतं. आणि डेसिबलचा आकडा मिलिवॅटवर दिलाय की व्होल्टवर, तेही बघून घ्या, नाहीतर शेर आणि किलोची गल्लत व्हायची. जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं मुळातच हळू आवाजात असतात. तिथे फोनला हेडफोन जोडायच्या छोट्या डोंगलवर प्लेनर वाजतो, पण कोमट चहासारखा. म्हणून प्लेनरबरोबर टेबलावर अँपचा डबा येतो. डब्याबरोबर त्याचा अडॅप्टर येतो, लॅपटॉपकडे जाणारी यूएसबी वायर येते, आणि लॅपटॉप चालू राहावा म्हणून त्याचा चार्जर.

माझा निकाल इथे लागला. हेडफोनच्या आवाजाचा त्यात फारसा संबंध नव्हता.

प्लेनर मी दिवाळीच्या सुमारास घेतला. दोन-अडीच महिने मजेत गेले. मुंबईत पंखा बंद करायची वेळ वर्षातून मोजून आठ-दहा रात्री येते. तशी एक रात्र जानेवारीत आली. पंखा बंद, खिडकी अर्धी उघडी, रस्ता निजलेला. मारवा राग लावला. गायकाचा षड्ज पांढरी एकचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा. आलापी सुरू झाली आणि दोन मिनिटांत मला काहीतरी खुपायला लागलं. आवाज कुठून येतोय कळेना, पण मारव्यात कुणीतरी पंचम लावून बसलं होतं.

ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको, तरी सांगतो. मारव्यात पंचम वर्ज्य. तानपुऱ्याची पंचमाची तारसुद्धा निषादात किंवा धैवतात मिळवतात, इतका तो नको असतो. मी गाणं थांबवलं, पंचम चालूच. मग लक्षात आलं, हा विजेचा आवाज. आपली वीज ५० हर्ट्झची. पांढरी पाच तिथेच खाली ४९ हर्ट्झला येते, आणि तिच्या वरच्या सप्तकातली पांढरी पाच ९८ला, जिथे विजेची दुसरी गुणगुण १०० हर्ट्झवर असते. म्हणजे पांढरी एकच्या गायकाला वीज फुकटात पंचम पुरवते, तोही किंचित चढा. पंचम असलेला राग असता तर कदाचित वर्षभर मला पत्ता लागला नसता. पंख्याने तर तो लपवलाच होता.

त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी तपास केला. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोटाची मागची बाजू हळूच फिरवली, तर मुंग्या आल्यासारखी खरखर. अँपच्या डब्यावर तळहात ठेवला, गुणगुण निम्मी. चार्जर काढला, सगळं शांत. पुन्हा लावला, पंचम हजर. एकदा तर चार्जर हातात धरून मी स्वतःशीच ‘आता सम’ म्हणून लावला. बायको आतून म्हणाली, “अहो, झोपा आता, ते यंत्र उद्याही असणार आहे.”

रविवारी वायरमन आला. त्याने होल्डरला लावलेला बल्ब काढला, एक टोक फेजला, एक अर्थच्या भोकात. बल्ब पेटला नाही. मग सॉकेटचा बोर्ड उघडला. आत हिरवी वायर होती, छान पिळून गोल गुंडाळी करून ठेवलेली, कशालाही न जोडलेली. तो म्हणाला, “साहेब, अर्थिंग शोभेचं आहे. अख्ख्या मजल्याचं असंच असेल.” वीज पुरवणाऱ्या बेस्टला दोष द्यायचं कारण नाही, मीटरच्या अलीकडचं सगळं आमचंच. चार्जरमधून विजेची किंचित गळती होतच असते. तिने अर्थच्या वाटेने जमिनीत जायचं. वाट नसली की ती लॅपटॉपच्या अंगावर बसून राहते आणि यूएसबीच्या वायरीतून अँपमध्ये शिरते. उपाय एकच, तळमजल्यापासून नवी अर्थ वायर ओढायची. त्यासाठी पागडीची इमारत, अकरा भाडेकरू, एक मालक आणि एक सभा. सभेत पाण्याच्या टाकीचा विषय तीन वर्षं चालू आहे.

मधल्या काळात लोकांनी उपाय सुचवले. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. माझ्या लॅपटॉपची बॅटरी एक मोठा ख्यालसुद्धा पुरा करत नाही. चार्जरची तिसरी पिन तोडा, हेही एकाने सुचवलं. कृपा करून असलं काही करू नका. ज्यांच्या घरात अर्थिंग आहे त्यांनी तर मुळीच नको, तो अर्थ जीव वाचवायला असतो. बॅटरीवर चालणारा अँप घ्या, हे बरोबर आहे आणि त्याने गुणगुण जाते. पण बरा अँप घ्यायचा तर निम्म्या हेडफोनचे पैसे, आणि आणखी एक वस्तू चार्ज करत बसायची. अलीकडे ताकदवान डोंगलही निघालेत, प्लेनर बऱ्यापैकी ओढतात. त्यातला एक मी मित्राकडे ऐकला, तक्रार नाही. फोन मात्र गरम झाला.

याच मित्राने फेब्रुवारीत त्याचा डायनॅमिक महिनाभर वापरायला दिला. मी तो साध्या डोंगलवर, बॅटरीवरच्या फोनला लावला. मारवा. पंचम नाही. हेडफोन म्हणून तो प्लेनरपेक्षा श्रेष्ठ आहे असं मी म्हणत नाही. हाच डायनॅमिक अँपच्या डब्याला लावला तर तोही गुणगुणतो, उलट जास्त संवेदनशील असल्याने थोडा मोठ्यानेच. तेही करून पाहिलं. फरक एवढाच, की त्याला डब्याची गरज पडत नाही. टेबलावरचा एक चौरस फूट मोकळा झाला, एक्स्टेंशन बोर्डवरचे दोन प्लग निघाले, आणि मी खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसायला लागलो. प्लेनरच्या काळात टेबलाशी खुंट्याला बांधल्यासारखा बसायचो. महिना संपल्यावर मित्राचा परत केला आणि स्वतःचा घेतला.

या जातीच्या वायरी बऱ्याचदा लांब असतात, तीन मीटरच्या वगैरे, आणि टोकाला जाड पिन. फोन पोटावर ठेवून ऐकायचं तर मांडीत वायरीचं वेटोळं घेऊन बसावं लागतं. मी दोरा बांधून अर्धी गुंडाळून टाकली. ज्यांना असल्या गोष्टींचा त्रास होतो त्यांनी छोट्या वायरीचे पैसे वेगळे धरावेत.

दोघांनाही सारख्या लागू गोष्टी पटकन. आवाज बाहेर जातो, शेजारी झोपलेल्या माणसाला तबल्याची चाट ऐकू जाते, तुमची झोपायची सोय बघून घ्या. लोकलमध्ये दोन्ही बिनकामाचे. गणपतीत, ढोल-ताशा खालून जात असताना, तर नादच सोडा. त्या दहा दिवसांत मी हेडफोन डब्यात ठेवतो. डबा म्हणजे खरंच डबा, स्टीलचा, घट्ट झाकणाचा, आत औषधाच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात कापडी गाद्या उघड्या ठेवल्या की आधी कुबट वास येतो, मग पांढरी बुरशी.

घ्यायच्या आधी ऐकायला मिळालं तर उत्तमच, पण मुंबईत ते दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस होतं तेव्हा निदान बूथमध्ये उभं राहून तबकड्या ऐकता यायच्या; तेही २०१६ साली बंद झालं. आता ऑनलाइन मागवा, नाहीतर मित्र गाठा. मित्र गाठलात तर त्याच्या घरी ऐकू नका. हेडफोन चार दिवस मागून आणा आणि आपल्याच खोलीत, आपल्याच प्लगवर, पंखा बंद करून ऐका.

म्हणून कोणी विचारलं की मी आधी बजेट विचारत नाही, इमारत किती जुनी आहे ते विचारतो. नवं बांधकाम असेल, अर्थिंग चोख असेल, टेबल कायमचं लावलेलं असेल आणि तालवाद्यांवर जीव असेल, तर प्लेनर घ्या, मी आडवा येणार नाही. बाकीच्यांनी, माझं ऐकायचं असेल तर, डायनॅमिक आणि एक साधा डोंगल. त्यात तुम्हाला डग्ग्याची थोडी उणीव भासेल. मला अजून भासते.

प्लेनर आणि तो अँप मी डोंबिवलीच्या भाच्याला देऊन टाकला. त्याची इमारत सहा वर्षांची आहे. पहिल्या दिवशी मी तिथे जाऊन पंखा बंद करायला लावला, चार्जर जोडला आणि मारवा लावून पाच मिनिटं डोळे मिटून बसलो. भाचा म्हणाला, “मामा, काय ऐकताय? अजून गाणं सुरूच झालं नाही.” मी त्याला गप्प बसायची खूण केली.

आता महिन्यातून एकदा रविवारी तिकडे जातो. बहिणीला वाटतं, जेवायला येतो.