सव्वासतरा कोटी नावांचं पुस्तक

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, मराठी शाळेत मी शिक्षिका होते. शाळेबरोबर अकरा वर्षं बीएलओचं, म्हणजे आपल्या मतदान केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं कामही केलं. घरोघर जायचं, यादी ताडून बघायची. नवीन नावाला सहा नंबरचा फॉर्म, नाव कमी करायला सात, दुरुस्तीला आठ. जांबोटीच्या पुढच्या वाड्यांवर आषाढात हे काम करायचं म्हणजे कागद आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, मग छत्री उघडायची. म्हणून मतदार यादी जन्माला कशी आली यावर कुणीतरी अख्खं पुस्तक लिहिलंय असं कळलं, तेव्हा ते वाचल्याशिवाय मला राहवलं नाही.

पुस्तक इंग्रजी आहे, 'हाउ इंडिया बिकेम डेमोक्रॅटिक'. लेखिका ऑर्निट शनी इस्रायलच्या हैफा विद्यापीठातल्या इतिहासकार आहेत. केंब्रिजने ते २०१८ साली काढलं. बेळगावात दोन दुकानांत विचारलं, मिळालं नाही. ऑनलाइन मागवलेली पहिली प्रत पावसात भिजून आली, पानं फुगलेली. ती परत करून दुसरी हातात पडायला तीन आठवडे गेले. भाषा सोपी नाही. पहिली चाळीस पानं मी डिक्शनरी शेजारी ठेवून वाचली. त्यानंतर मात्र गरज कमी पडली, कारण पुढे सगळं ओळखीचंच होतं: फॉर्म, परिपत्रकं, तक्रारअर्ज आणि 'या बाबतीत काय करावे ते कळवावे' असं विचारणारी पत्रं.

विषय असा आहे. इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यात मताचा हक्क शेतसारा, घरपट्टी, शिक्षण यांवर ठरायचा. बायकांना बहुतेक वेळा नवऱ्याच्या मिळकतीवरून. सगळ्या प्रौढांची यादी करणं या देशात जमणारच नाही, असं साहेबांचे अधिकारी वर्षानुवर्षं लिहीत आले होते. फाळणीचे दंगे चालू असताना, १९४७ च्या शेवटी, घटना समितीच्या सचिवालयानं नेमकं तेच काम हातात घेतलं. बी. एन. राव घटनात्मक सल्लागार होते. त्यांच्या हाताखालच्या थोड्या माणसांनी प्रांतांना आणि संस्थानांना पत्रं लिहायला सुरुवात केली. १ जानेवारी १९४९ रोजी ज्याला एकवीस वर्षं पुरी होतील, तो यादीत. जात, शिक्षण, मिळकत काही बघायचं नाही. यादीत १७ कोटी ३० लाखांवर नावं आली. त्यातल्या सुमारे ८५ टक्के लोकांनी त्याआधी विधिमंडळासाठी कधी मत दिलेलं नव्हतं. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली गेली आणि यादीचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं. शनी म्हणतात, भारतीय माणूस घटनेनं नागरिक होण्याआधी मतदार झाला. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. हक्क कागदावर उतरायच्या आधी तो रजिस्टरात उतरला होता.

राजकीय विचारांच्या इतिहासाची पुस्तकं मी बीएला असताना वाचली होती. त्यांत तत्त्वज्ञ असतात, त्यांचे ग्रंथ असतात, कुणी कुणाला काय उत्तर दिलं ते असतं. हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाच्या १६५१ च्या 'लेव्हायथन' या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरचं चित्र तेव्हा आम्हाला दाखवलं होतं. डोंगरामागून एक अवाढव्य राजा उभा राहिलाय आणि त्याचं धड शेकडो बारक्या माणसांनी बनलंय. ती सगळी माणसं पाठमोरी आहेत, तोंड राजाकडे. एकाचाही चेहरा दिसत नाही. लोक मिळून राज्यसंस्था बनते हा विचार त्या चित्रात आहे, पण त्या लोकांना नाव नाही. हे पुस्तक वाचताना ते चित्र सारखं आठवत होतं. मतदार यादीतही लोक मिळूनच राज्य उभं राहतं, फक्त इथे प्रत्येकाला अनुक्रमांक आहे, घर नंबर आहे, वय आहे, बापाचं नाहीतर नवऱ्याचं नाव आहे. 'लोकांची सत्ता' ही कल्पना खरी करायला कुणीतरी दारात जाऊन 'घरात किती माणसं?' असं विचारावं लागतं. शनींनी कारकुनांच्या फायली वाचल्या आणि त्यांतून राजकीय विचारांचा इतिहास लिहिला. माझ्या मते पुस्तकाची खरी किंमत यातच आहे.

बायकांच्या नावांचा प्रश्न मी स्वतः पाहिलेला आहे. एका वाडीवर चुलीपुढे बसलेल्या आज्जींना मी नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "नाव कशाला वो बाई? थोरल्याची आय म्हणून लिवा की." मी म्हटलं, "आज्जी, थोरल्याचं नाव आहे यादीत. तुमचं पायजे." त्यांनी फुंकणी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि सुनेकडे बघितलं. सून दुसरीकडे बघायला लागली. सासूचं नाव तिनं कधी उच्चारलं नव्हतं. शेवटी आज्जींनीच सांगितलं, इतक्या हळू की मला दोनदा विचारावं लागलं.

पहिल्या निवडणुकीच्या यादीतही हेच झालं होतं. अमक्याची बायको, तमक्याची आई. सुकुमार सेन १९५० मध्ये पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. स्वतःचं नाव न सांगणाऱ्या बाईला नुसत्या नात्यानं नोंदवायचं नाही, असं त्यांच्या आयोगानं ठरवलं. त्यामुळे सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख नावं गळाली, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांत. हा निर्णय कठोर होता, पण बरोबर होता असं मला वाटतं. पुढच्या वेळी बायकांनी नावं सांगितली.

मी जास्त रेंगाळले ते निर्वासितांच्या प्रकरणावर. नियम असा होता की यादीत यायला त्या ठिकाणी १८० दिवस राहिलेलं असायला हवं. सिंध-पंजाबातून कालपरवा आलेला माणूस हे कुठून दाखवणार? सचिवालयानं ठरवलं की 'मी इथे कायम राहणार आहे' एवढं त्यानं लिहून दिलं तरी नाव घ्या. काही ठिकाणी, विशेषतः आसामात, स्थानिक अधिकारी नावं घ्यायला तयार नव्हते. लोकांच्या संघटनांनी थेट दिल्लीला पत्रं लिहिली आणि दिल्लीनं उत्तरं दिली. अजून मंजूरही न झालेल्या घटनेतल्या कलमांचा आधार घेऊन साधी माणसं भांडत होती. खानापूरची पोरं कामाला गोव्यात असतात. 'इथे राहतो का?' या प्रश्नावर त्यांचं नाव कापायचं की ठेवायचं, हे मला दरवर्षी ठरवावं लागायचं. हे प्रकरण आधी वाचलं असतं तर दोन-तीन नावांच्या बाबतीत मी जास्त भांडले असते.

आता उणीव. शनींचा भर दिल्लीतल्या फायलींवर आहे. त्यामुळे सचिवाचा आवाज स्पष्ट येतो. उन्हातान्हात फिरून नावं लिहिणाऱ्याचा आवाज मला हवा होता तितका आला नाही. भाषेचा प्रश्नही मला कमी पडला. १९४८ मध्ये बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात होता, त्याला लागून असलेलं शहापूर सांगली संस्थानातलं. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढं मुंबई राज्यातच राहिलं. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांचा सीमावाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. अशा मुलखात एखादं मराठी नाव इंग्रजीत जातं, इंग्रजीतून कन्नडात येतं आणि वाटेत 'काळे'चं 'काले' होतं. दोन्ही लिप्यांत ळ असताना! आठ नंबरचे माझे निम्मे फॉर्म अशा नावांचे असायचे. लोक म्हणजे कोण, हे ठरवण्यात लिपीचाही हात असतो, आणि त्यावर एक प्रकरण तरी असायला हवं होतं. शिवाय मुख्य मुद्दा प्रत्येक प्रकरणात पुन्हा पुन्हा सांगितलाय. किंमतही शिक्षकाच्या पगाराला जड आहे.

आमच्याकडे 'राज्य' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कुठलं? या मातीत वाढल्यामुळे मीही तेवढाच प्रश्न धरून बसले होते. या पुस्तकानं त्याच्या आधीचा प्रश्न पुढे ठेवला: लोक म्हणजे कोण? दोन्ही राज्यांच्या आधी, एका जुन्या यादीत, माझ्या शहापूरच्या आजीचं नाव कुणीतरी लिहिलं होतं. ती लिहायला-वाचायला येत नसलेली बाई होती. १९५२ च्या निवडणुकीत उमेदवारागणिक वेगळी पेटी होती, पेटीवर चिन्ह, आणि कागद कुठल्या पेटीत टाकला ते तिनं आजोबांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

बीएलओ म्हणून काम करणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं हे वाचावं. राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांनी तर वाचावंच. निर्वासितांचं प्रकरण आधी घ्या, प्रस्तावना नंतर वाचली तरी चालेल. कुणीतरी याचा मराठी अनुवाद करायला हवा. माझी प्रत ब्राऊन पेपरचं कव्हर घालून ठेवली आहे. आमच्या शाळेत यादीचं काम आता ज्या बाईंकडे आलंय, त्यांना ती या दिवाळीच्या सुट्टीत द्यायची आहे.