‘दोन्हीला बसतो’ म्हणणाऱ्याला मी 823 डॉलर दिले

823 डॉलर, रायफलच्या एका दस्त्यापायी, जो कधी आलाच नाही. आधी 678, मग 145. आकडा पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण घरी मी आठवडाभर ‘पाच-सहाशे गेले’ असं सांगत होतो आणि त्याची मला अजून लाज वाटते.

मी मिनेसोटात राहतो. इथे लायसन्स काढून, अंगावर भडक नारिंगी जॅकेट आणि टोपी घालून हरणाची शिकार रीतसर करता येते. भारतात 1972 पासून शिकारीवर बंदी आहे हे मला माहीत आहे, ते कृपया कुणी शिकवू नका. रायफल रेमिंग्टन 700, शॉर्ट अ‍ॅक्शन, म्हणजे आखूड काडतुसांची आखूड यंत्रणा, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. दिसायला देखणा, पण ओल्या बर्फात दोन दिवस काढले की लाकूड फुगतं, पुढचा भाग नळीला टेकतो आणि 100 यार्डांवर गोळी चार इंच बाजूला जाते. माझी तशी गेली. जखमी हरीण दुपारपर्यंत शोधत फिरलो. ते सापडलं, पण तो दिवस मी विसरलेलो नाही.

म्हणून दस्ता बदलायचा होता. मित्राकडे अ‍ॅल्युमिनियमची चॅसी, म्हणजे दस्त्याऐवजीचा धातूचा सांगाडा, आहे. नेमबाजीच्या रेंजवर उत्तम, पण उणे 12 सेल्सिअसमध्ये उघडा गाल तिच्यावर टेकवून बघा. शिवाय दिवसभर जंगलात वागवायला जड. साधा प्लास्टिकचा दस्ता स्वस्त असतो, पण पुढून लवतो. मला हवा होता कार्बन फायबरचा, आत स्क्रूभोवती अ‍ॅल्युमिनियमचे पिलर, म्हणजे टेकू देणारी नळकांडी, असलेला, आणि मागे लांबी कमी-जास्त करायला काढता-घालता येणारे स्पेसर, म्हणजे चकत्या, असलेला. जाड जॅकेट घातलं की दस्ता अर्धा-पाऊण इंच लांब वाटतो, खांद्यात अडकतो. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय, की मी अडाणी गिऱ्हाईक नव्हतो. महिनाभर अभ्यास केला होता. दुकानात किंमत 1,100 डॉलरच्या वर. एका खासगी विक्रेत्याकडे ‘एकच हंगाम वापरलेला’ 640 ला, पोस्टेज 38.

आता ती जागा, जिथे मी थांबायला हवं होतं. मी विचारलं, ‘शॉर्ट अ‍ॅक्शनचा आहे की लाँगचा?’ उत्तर आलं, ‘दोन्हीला बसतो.’

दोन्हीला बसत नाही. बसूच शकत नाही! दोन्ही अ‍ॅक्शनमधल्या स्क्रूंचं अंतरच वेगळं असतं. हा दस्ता ज्याने एकदा जरी हातात धरला असेल, तो असं उत्तर देणार नाही. मला हे तेव्हाही कळलं होतं. रात्री साडेअकराला मी ते उत्तर दोनदा वाचलं आणि मनाची समजूत घातली की माणूस घाईत असेल, त्याला प्रश्न नीट कळला नसेल. हंगाम नऊ दिवसांवर होता. मुलाला पहिल्यांदा सोबत नेणार होतो. पैसे मीच पाठवले, बँकेच्या अ‍ॅपमधून, थेट त्याच्या खात्यात. क्रेडिट कार्ड नाही, मध्ये कुणी नाही. वस्तू आलीच नाही तर कार्डावर तक्रार करून पैसे अडवता येतात. अशा थेट ट्रान्सफरचे येत नाहीत. हे एवढं तरी पाठ करून ठेवा.

दुसरी मेख कायद्यात आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बंदूक म्हणजे नंबर कोरलेला रिसीव्हर, म्हणजे यंत्रणा ज्यात बसते तो मधला धातूचा भाग. नुसता दस्ता बंदुकीत मोजला जात नाही, तो परवानाधारक डीलरमार्फत न येता सरळ घरी येतो. मला ती सोय वाटली होती. ठगालाही तीच सोय हवी असते, कारण कागद तपासणारा मध्ये कुणीच नसतो.

तीन दिवसांनी कुरिअरच्या नावाने ईमेल आला: शस्त्राचा भाग आहे, 145 डॉलर विमा भरा, डिलिव्हरीनंतर परत मिळतील. भरले. का भरले? 678 वाचवायला. आणखी 290 मागितले तेव्हा डोळे उघडले. विक्रेत्याशी फोनवर एकदाही बोललो नव्हतो. तुम्ही बोला. व्हिडिओवर वस्तू उलटी करून, स्क्रूची भोकं दाखवायला सांगा.

त्यानंतर जे झालं त्याचा संताप चोरीपेक्षा जास्त आहे. बँकेत 40 मिनिटं फोनवर ताटकळलो आणि उत्तर काय, तर ‘व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलात.’ ज्या बँकेत पैसे गेले ती म्हणते, तुम्ही आमचे ग्राहक नाही. काउंटीच्या शेरीफ ऑफिसात स्क्रीनशॉटची 14 पानं छापून नेली. टेबलामागच्या माणसाने ती उलटलीसुद्धा नाहीत. विक्रेता दुसऱ्या राज्यातला, रक्कम लहान, ऑनलाइन तक्रार करा. ती केली. एक नंबर मिळाला. सात आठवडे झाले, त्या नंबरावर एक अक्षर आलेलं नाही. खातं कुणाच्या तरी नावावर आहे, ते नाव बँकेला ठाऊक आहे, आणि तरीही ते कुणी कुणाला विचारत नाही! लहान रक्कम म्हणे. माझ्यासारखे पन्नास जण असतील तर?

हंगामात जुनाच दस्ता नेला. पुढची खाच घासून नळीखाली जागा केली, लाकडाला आतून वॉर्निश मारलं. खर्च 19 डॉलर. गोळी सरळ गेली.

परवा त्या विक्रेत्याच्या जाहिरातीतला तोच फोटो पुन्हा दिसला. नाव वेगळं, गाव वेगळं, किंमत 610. दस्ता निळ्या ताडपत्रीवर ठेवलाय, उजव्या कोपऱ्यात पिवळ्या मोजपट्टीचं टोक दिसतं. तो फोटो समोर आला तर एक पैसाही पाठवू नका.