वेमो की ड्रायव्हरवाली टॅक्सी: गाडीत बसून फोनवर बोलायचं असेल तर

सॅन फ्रान्सिस्कोत जून २०२४ मध्ये वेमो, म्हणजे ॲपवरून बोलवायची बिनड्रायव्हरची टॅक्सी, सगळ्यांसाठी खुली झाली, तेव्हापासून ती बोलवायची की ड्रायव्हरवाली, हा वाद आमच्या घरात चालू आहे. बायकोचं म्हणणं, कॅमेरे लावलेल्या डब्यात आपणहून जाऊन बसायचंच कशाला? मी दोन्ही वापरतो. गाडी वळणं कशी घेते, ब्रेक कशी मारते यावर भरपूर लिहून झालंय. मला सांगायचंय ते एवढंच, की मागच्या सीटवर बसल्यावर आपल्याला कोण बघतं आणि कोण ऐकतं.

वेमोबद्दलची धास्ती खोटी नाही. आत कॅमेरे असतात. गाडी घाण झालीय का, कोणी काही विसरलंय का, हे त्यातून बघतात. तुमचं घर, ऑफिस, दवाखाना, रात्री अकराला गेलात तो पत्ता, सगळं एकाच खात्याला चिकटलेलं, आणि मालक गूगलचीच मूळ कंपनी. पोलिसांनी वॉरंट काढून अशा गाड्यांचं चित्रण मागवल्याची प्रकरणं २०२३ मध्येच बाहेर आली. एप्रिल २०२५ मध्ये ॲपमधलं एक अप्रकाशित पान कोणीतरी शोधून काढलं. आतल्या कॅमेऱ्याची माहिती एआय शिकवायला वापरण्याचा उल्लेख त्यात होता. तो मजकूर तात्पुरता होता, तसा बेत नाही, असं कंपनीनं सांगितलं. मानायचं की नाही, ज्याचं त्यानं ठरवावं.

माइक मात्र, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, तुम्ही मदतकक्षाशी बोलत असाल तेवढ्यापुरताच चालू असतो. चेहरा दिसला तर दिसू दे. मला जपायचं असतं ते बोलणं.

ड्रायव्हरवाल्या गाडीत माझं बिनसलं ते इथेच. ॲपचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या ॲपवरही हेच झालं असतं. पुण्यातल्या फ्लॅटच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी फोन चालू होता. आवाज चढलेला, मग जरा निवळलेला, मग त्यानं बँकेचा खाते क्रमांक सांगितला तो मी मोठ्यानं परत वाचून दाखवला, पॅनसकट. उतरताना आरशाखाली लक्ष गेलं. काळा डॅशकॅम, एक डोळा रस्त्याकडे, दुसरा थेट माझ्याकडे. सूचनेचं स्टिकर होतं, नाही असं नाही. काडेपेटीएवढं, उन्हानं उडालेलं, दाराच्या काचेच्या कोपऱ्यात.

मी ड्रायव्हरला विचारलं, आवाजही रेकॉर्ड होतो का? हो म्हणाला. कार्ड भरलं की घरी लॅपटॉपवर उतरवतो. किती दिवस ठेवता? खांदे उडवले. माणूस वाईट नव्हता. कोणी खोटी तक्रार केली तर माझ्या हातात काय, असं म्हणाला, आणि त्यात तथ्य आहे. पण भावाचा खाते क्रमांक आज कुठल्यातरी घरच्या लॅपटॉपवर पडून असेल, तो गेलाय की आहे हेही कळायला मार्ग नाही. (मराठीत बोललं की भिंत घातली, अशी आपली समजूत असते. इथे सनीव्हेलकडे आपली माणसं इतकी, की ती भिंत फार पातळ आहे.)

कॅलिफोर्नियात खासगी संभाषण रेकॉर्ड करायला सगळ्यांची संमती लागते. पण ती घेतली म्हणजे काय केलं, तर ते स्टिकर. मिझुरी राज्यात तेवढंही लागत नाही. सेंट लुइसच्या एका ड्रायव्हरनं शेकडो प्रवाशांना नकळत इंटरनेटवर थेट दाखवलं, ते २०१८ मध्ये उघडकीला आलं.

वेमो कंपनीला निदान पत्ता आहे. कॅलिफोर्नियाच्या २०२० पासूनच्या कायद्याखाली माझी माहिती मागता येते, पुसून टाका म्हणता येतं. पुसतील का, शंका आहेच. पण त्या लॅपटॉपवाल्याला मी पत्र कुठे पाठवू?

माझ्यापुरतं म्हणाल तर पैसे, तब्येत किंवा घरचं काही बोलायचं असलं की मी वेमो बोलावतो. बहुतेक वेळा थांबावं जास्त लागतं, दोन-चार डॉलरही वर जातात. सासू-सासरे बॅगा घेऊन येतात तेव्हा मात्र ड्रायव्हरच. बॅग उचलायला माणूस लागतो, आणि त्या दिवशी गाडीत बोलायची माझी पाळी तशीही येत नाही.