लहान मुलांचं आयसीयू, पुणे: डॉक्टर-सिस्टरना 5 पैकी 5, मेडिकल काउंटरमुळे एक स्टार कमी

खूप उशिरा लिहितेय, आमच्या मुलाची गोष्ट 2021 ची आहे, पण मागच्या महिन्यात नणंदेची 3 वर्षांची मुलगी पण इथेच ॲडमिट होती म्हणून दोन्हीचं एकदमच लिहिते.

आम्ही शिरूरचे. दुसऱ्या लाटेत एप्रिलच्या शेवटी मिस्टर पॉझिटिव्ह आले, घरीच बरे झाले. मुलगा तेव्हा 8 वर्षांचा, त्याला एक दिवस नुसती कणकण आली आणि दुसऱ्या दिवशी खेळायला लागला त्यामुळे त्याची टेस्ट पण केली नाही. बरोब्बर पाच आठवड्यांनी ताप, 103, औषध दिलं की तासभर उतरायचा की परत चढायचा. तिसऱ्या दिवशी पोटात इतकं दुखायला लागलं की गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायचा, वर उलट्या आणि जुलाब. आधी ज्या दवाखान्यात दाखवलं तिथे व्हायरल म्हणाले, मग टायफॉईड, मग सोनोग्राफी बघून अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. डोळे लालबुंद पण चिपाड अजिबात नाही, ओठ फुटलेत, हे मी दोनदा सांगितलं, तापाने होतं असं म्हणून सोडून दिलं. त्याचा राग अजून जात नाही.

पाचव्या रात्री अंग भाजतंय आणि हातपाय मात्र गार पडलेले. मिस्टरांनी गाडी काढली आणि नगर रोडने थेट इथे आलो.

इमर्जन्सीमधल्या मॅडमनी आमची फाइल उघडलीच नाही आधी. त्याच्या पायाचा अंगठा दाबला, सोडला आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजत राहिल्या. मी पण बघत होते, दाबलेली जागा पांढरीच्या पांढरी. मग जीभ बघितली, तळहात बघितले आणि विचारलं, "ताई, महिना-दीड महिन्यात घरात कोणाला कोविड झाला होता का?" पाच दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी विचारला. वरचं बीपी 74 होतं, लगेच आयसीयूत घेतलं.

रात्रीच बेडवर 2डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली. हृदयाचं पंपिंग 40 टक्के, जे 55 च्या वर पाहिजे, आणि हृदयाला रक्त देणारी एक नळी थोडी फुगलेली. आरटीपीसीआर निगेटिव्ह, अँटीबॉडी पॉझिटिव्ह, सीआरपी, म्हणजे अंगात किती सूज आहे ते दाखवणारी रक्ताची तपासणी, 200 च्या वर. मोठ्या सरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं की याला एमआयएस-सी म्हणतात, विषाणू कधीच गेलाय पण त्याच्याशी लढायला उठलेली प्रतिकारशक्ती थांबायला तयार नाही, तीच आता हृदय, आतडी, रक्तवाहिन्या सुजवतेय, म्हणून पोट दुखतंय. धोका आहे हे पण स्पष्ट सांगितलं, खोटा धीर दिला नाही, आणि मला त्याचाच आधार वाटला खरं तर.

आयव्हीआयजी नावाचं औषध किलोला 2 ग्रॅम लागतं, याचं वजन 25, म्हणजे 50 ग्रॅम, 5-5 ग्रॅमच्या 10 बाटल्या. हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातून ते बनतं, सिस्टरनी सांगितलं तेव्हा मी हात जोडले त्या सगळ्यांना. एकदम सोडता येत नाही, अगदी हळू सोडतात, आणि त्या सिस्टर सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी बीपी, ताप बघून कागदावर लिहीत होत्या, रात्रभर बसल्या नाहीत. सोबत स्टेरॉइड. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप 99 वर आला आणि पोरगं म्हणालं, आई वरणभात दे.

आठव्या दिवशी घरी सोडलं. रक्त पातळ राहावं म्हणून ॲस्पिरिनची छोटी गोळी, आणि कांजिण्या किंवा फ्लू झाला तर ती मनाने चालू ठेवू नका, आधी फोन करा असं दोनदा बजावलं. कांजिण्यांच्या लसीचा दुसरा डोस राहिला होता तो आयव्हीआयजी दिल्यामुळे 11 महिने पुढे ढकलायला कार्डावर लिहून दिलं. धावणं, सायकल बंद. दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी परत इको, दुसऱ्याला पंपिंग 60 आणि नळी नॉर्मल.

एक स्टार कमी का तर रात्री 2 वाजता त्या 10 बाटल्यांपैकी 6 च खालच्या मेडिकलमध्ये होत्या, उरलेल्या 4 साठी मिस्टर गावभर फिरले. आयसीयूत हे औषध लागणारच, तर स्टॉक ठेवायला पाहिजे. खर्च पण प्रचंड आहे, आम्ही दागिने गहाण ठेवले, बिलात मात्र प्रत्येक गोष्ट वेगळी लिहिलेली होती आणि विचारलं की समजावून सांगत होते.

नणंदेच्या मुलीला कावासाकी निघाला, त्याच जातीचा आजार पण लहान मुलांना जास्त होतो आणि कोविडच्या कितीतरी आधीपासून आहे. ताप, लाल डोळे, स्ट्रॉबेरीसारखी जीभ बघून मीच म्हटलं तिला, दहा दिवसांच्या आत औषध गेलं पाहिजे, चल. सहाव्या दिवशी इथे आणली, सातव्या दिवशी आयव्हीआयजी लागलं, या वेळी सगळ्या बाटल्या खालीच मिळाल्या. नंतर बोटांच्या टोकांची सालं निघाली तेव्हा नणंद घाबरली, सिस्टरनी फोनवरच समजावलं की या आजारात असं होतं. तिच्या नळ्या सध्या ठीक आहेत, पुढचा इको 6 आठवड्यांचा. इकोसाठी येणार असाल तर आधी फोन करून वेळ घ्या, शनिवारी दोन-दोन तास बसावं लागतं.